मागली भिंत

छायाचित्रांविषयी मराठीत जे थोडेबहुत टीकालेखन होते, ते ज्यांना आपण निःशंकपणे कलावंत म्हणतो अशांच्याच चित्रांविषयी होते. गौतम राजाध्यक्षांनी टिपलेले चेहरे, किंवा मूळच्या अकोल्याच्या सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची काढलेली चित्रे, यांवर लिहिताना टीकाकाराला संकोच वाटण्याचे कारण नाही. तेथे निवड आहे, दृष्टी आहे, आणि त्या दृष्टीची जबाबदारी घेणारा एक माणूस आहे. परंतु आपल्या घराघरांतून साठलेली चित्रे या मंडळींनी काढलेली नाहीत. ती काकांनी, भाच्याने, शेजारच्या मुलीने, एका लहानशा, खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याने काढलेली आहेत. त्यांचा विचार साहित्याच्या दिवाळी अंकात कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर एवढेच, की ज्या चित्रप्रकाराने एका संपूर्ण पिढीच्या आठवणींना आकार दिला त्याची परीक्षा कोणीच करावयाची नसेल, तर टीकेचा धंदा आपण फारच सोवळ्यात ठेवला आहे.

आणि हा प्रकार आता संपलेला आहे, म्हणून त्याची परीक्षा करणे शक्यही झाले आहे. जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांवरून पाहता २०१० साली बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात धाडले गेले, आणि त्यांतले बहुतेक या खिशातल्या जातीचे होते. २०२३ साली सगळ्या जाती मिळूनही हा आकडा ऐंशी लाखांच्या आत राहिला. थोड्याच वर्षांत एक प्रकार जन्मला, घरोघर पोचला आणि अस्ताला गेला. मराठी लघुनिबंधालासुद्धा याहून दीर्घ आयुष्य लाभले होते.

त्याची कुळकथा येथे थोडक्यात पुरे. १९०० साली कोडॅकने एका डॉलरला ‘ब्राऊनी’ नावाचा पेटीवजा कॅमेरा विकावयास काढला आणि छायाचित्र घरगुती झाले. १९७५ साली त्याच कंपनीत स्टीव्ह सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा जुळवला. त्याचे चित्र अवघ्या दहा हजार ठिपक्यांचे होते, आणि ते कॅसेटवर उतरावयास तेवीस सेकंद लागत. पुढे त्याच कल्पनेच्या लाटेखाली ती कंपनी २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीच्या न्यायालयात जाऊन उभी राहिली. हा भाग सर्वज्ञात आहे. मला बोलावयाचे आहे ते या यंत्राने निर्माण केलेल्या चित्राविषयी.

सक्करदऱ्यातल्या आमच्या घरी असा एक कॅमेरा आहे आणि त्याने काढलेली काही हजार चित्रे आहेत. त्यांतले एक उदाहरणादाखल घेतो. तान्ह्या पोळ्याचा दिवस आहे. पाच-सहा वर्षांचा एक मुलगा धोतर-फेटा बांधून उभा आहे, त्याच्या हातातल्या दोरीला चाकांचा लाकडी बैल आहे, बैलाच्या गळ्यात घुंगरांची माळ आहे. बोजारा मिळवण्यासाठी तो घरोघर निघाला आहे. काढणाऱ्याला हवे होते ते एवढेच. परंतु चित्रात आणखी काय काय आहे ते पाहा. मुलाच्या मागे भिंत आहे, तिच्यावर शिकवणी वर्गाची अर्धवट पुसलेली जाहिरात आहे. खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर कूलर आहे, उन्हाळा सरल्यामुळे त्याला ताडपत्री गुंडाळलेली. एका खांबाला टेकून लुना उभी आहे. दोरीवर टॉवेल वाळतो आहे. आणि दारात एक बाई उभी राहून मुलाकडे न पाहता भलतीकडेच पाहत आहेत. या प्रत्येक वस्तूचा तपशील मुलाच्या फेट्याइतकाच रेखीव आहे.

असे का व्हावे, याला साधे भौतिक कारण आहे. या कॅमेऱ्यातली प्रकाश झेलणारी चकती जेमतेम सव्वासहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच असते. जुन्या फिल्मची चौकट छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरची. म्हणजे क्षेत्रफळात तीसपट मोठी. चकती लहान म्हणून भिंगाचे नाभ्यंतरही लहान, पाच-सहा मिलिमीटरांचे. आणि भिंग जितके आखूड तितके जवळचे व दूरचे सारेच एकदम स्पष्ट दिसते. मोठा कॅमेरा वापरणारा कलावंत मागली भिंत धूसर करून मुलाला तिच्यापासून सोडवून घेतो. छोट्या कॅमेऱ्याला ते साधतच नाही. त्याच्या दृष्टीला मुख्य आणि गौण हा भेद ठाऊक नाही.

मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ सालच्या ग्रंथातील लयतत्त्व या चित्राला लावून पाहिले तर निर्णय तत्काळ लागतो. संवाद, विरोध आणि समतोल या तिन्हींपैकी येथे विरोध तेवढा विपुल आहे. फेटा आणि ताडपत्री, बैल आणि लुना, यांचा विरोध कुठल्याही नवकथाकाराला हेवा वाटावा असा. पण त्याला तोलून धरणारी रचना नाही. डाव्या बाजूला सगळी गर्दी, उजव्या बाजूला रिकामा सिमेंटचा रस्ता. ही कलाकृती नव्हे. तिला कलाकृती म्हणणे म्हणजे घरच्या माणसाची खुशामत करणे होय.

तरीही हा निर्णय दिल्यावर काहीतरी शिल्लक राहते. पंधरा वर्षांनी हे चित्र पाहताना घरातल्या कोणाचीही नजर मुलावर फार वेळ ठरत नाही. मुलगा आता मोठा झाला आहे, त्याचा तो फेटा सर्वांना पाठ आहे. नजर जाते ती भिंतीवर. ती भिंत आज नाही. त्या बाई कोण, यावर वाद होतो. चित्र जागच्या जागी आहे, पण त्याचे केंद्र सरकत सरकत मुलाकडून भिंतीकडे गेले आहे. मर्ढेकरांच्या मांडणीत अशा चित्राला जागा नाही, कारण ती मांडणी निवड करणारा, गाळणारा कलावंत गृहीत धरते. येथे गाळले कोणीच नाही. म्हणूनच काढणाऱ्याला स्वतःला जे दिसलेही नव्हते ते चित्रात टिकून राहिले.

याची तुलना जुन्या स्टुडिओतील छायाचित्राशी करावी. तेथे मागे रंगवलेला पडदा असे. महाल, कमळांचे तळे, कधी एखादा जिना, जो कोठेच जात नसे. आमच्याकडच्या कुटुंबांची तशी छायाचित्रे पाहिली तर माणसे नागपूरची आहेत की नाशिकची हे कळावयास मार्ग नाही. छोटा कॅमेरा आला आणि पडद्याची जागा सक्करदऱ्याने घेतली. बुधवार बाजारातले भाजीचे ढीग, तलावाच्या काठची गणपती विसर्जनाची गर्दी, आयुर्वेद महाविद्यालयाची कुंपणभिंत, उड्डाणपूल होण्यापूर्वीचा मोकळा चौक, हे सारे कोणाच्या तरी खांद्यामागे, कोणाच्या तरी कानाशेजारी उभे आहे. भोसल्यांच्या वाड्याचे आणि ताजुद्दीन बाबांच्या वास्तव्याचे सक्करदरा इतिहासाच्या पुस्तकात सापडते. भाजीच्या ढिगांचे आणि लुनांचे सक्करदरा या चित्रांखेरीज क्वचितच कोठे सापडेल.

आता दुसरा गुण, अथवा दोष. बटण दाबल्यावर हे यंत्र क्षणभर विचार करते. अंतर मोजते, प्रकाश तोलते, आणि मग चित्र घेते. पहिल्या पिढीतल्या कॅमेऱ्यांत हा विलंब अर्धा सेकंद, कधी त्याहूनही अधिक असे. आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ सालच्या पुस्तकाने इंग्रजी नावामुळे ‘निर्णायक क्षण’ हा शब्दप्रयोग जगभर रूढ केला. (मूळ फ्रेंच नाव मात्र घाईघाईने, चोरून घेतलेल्या चित्रांविषयी आहे, त्यात निर्णायक असे काही नाही.) आमच्या छोट्या कॅमेऱ्याला निर्णायक क्षण कधी सापडला नाही, त्याला सापडला तो त्याच्या पुढला क्षण. “हसा” म्हटल्यावर माणसे हसतात, हसू धरून ठेवतात, आणि चित्र निघाले असे समजून सैल सोडतात. नेमके तेव्हाच चित्र निघते. पदर सावरणारी बाई, घड्याळ पाहणारा पाहुणा, आपल्याकडे कोणाचे लक्ष नाही असे वाटणारा म्हातारा, अशी माणसे या चित्रांत जितकी आहेत तितकी पूर्वीच्या अल्बमांत नाहीत. पोज संपल्यानंतरचा चेहरा हा मला या प्रकारातील सर्वात मोलाचा लाभ वाटतो, आणि तो केवळ यंत्राच्या मंदपणामुळे झालेला आहे.

फ्लॅशविषयी इतके चांगले बोलता येत नाही. भिंगाला अगदी चिकटून बसवल्यामुळे तो डोळ्यांच्या पडद्यावरून सरळ परत येतो आणि माणसांचे डोळे निखाऱ्यासारखे लाल होतात. तीन-चार मीटरांपलीकडे त्याचा उजेड पोचत नाही. हळदीच्या समारंभाची चित्रे पाहा: पुढची माणसे पांढरीफटक, मागची काळोखात. सौम्य रंगाचा तर त्याने खूनच केला आहे.

परंतु या कॅमेऱ्याने निवड केलीच नाही, असे मी वर म्हटले ते अर्धेच खरे आहे. फिल्मच्या काळात छत्तीस चित्रांचा हिशेब बटण दाबण्यापूर्वी होत असे. एकदा पैसे मोजून धुतलेले वाईट चित्रही कोणी फेकत नसे; अल्बमच्या शेवटच्या पानाच्या खिशात ते पडून राही. आता हिशेब उलटा झाला. एक गिगाबाइटच्या कार्डात तीनेकशे चित्रे मावत, तेव्हा काढताना हात आखडावयाचे कारण उरले नाही. पण पाठीवरच्या इवल्याशा पडद्यावर चित्र लगेच दिसू लागले, आणि त्याबरोबर “यात मी चांगली दिसत नाही, काढून टाक” हे वाक्य प्रत्येक समारंभात ऐकू येऊ लागले. निवड नाहीशी झाली नाही. ती काढणाऱ्याच्या डोळ्यातून काढून घेऊन साऱ्या नातेवाइकांच्या अंगठ्याला दिली गेली. या सामुदायिक संपादनात काय नष्ट झाले ते सांगावयास पुरावा नाही, कारण पुरावाच पुसला गेला. मला संशय आहे, की मघाशी ज्याची स्तुती केली त्या सैल चेहऱ्यांपैकी कित्येक असेच गेले असावेत. जे उरले ते बहुधा मागच्या रांगेतल्या, स्वतःचा फोटो पाहावयास न आलेल्या माणसांचे. म्हाताऱ्यांचे, विशेषतः.

येथे या प्रकाराची खरी कसोटी येते. आमच्या थोरल्या मामी वारल्या तेव्हा भिंतीवर लावण्यासाठी फोटो हवा होता. त्यांचा एकटीचा असा एकही नव्हता. शेवटी एका लग्नातल्या समूहचित्रातून त्यांचा चेहरा कापून काढावा लागला. तेरवीच्या आदल्या दिवशी फोटोवाल्याने मोठी प्रत करून आणून दिली. आता ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावी. मूळ चित्रात मामी मान किंचित वळवून कोणाचे तरी ऐकत आहेत, त्यांच्या खांद्यावर नातीचा हात आहे, मागे मांडवाचा बांबू आणि पाण्याचा ड्रम. मोठ्या प्रतीत हात पुसलेला, बांबू पुसलेला, ड्रमच्या जागी निळे आकाश आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गुळगुळीत. हात पुसताना खांद्याचा थोडा भागही गेला, तो अंदाजाने भरून काढला आहे. आणि मामी ऐकत आहेत असे आता वाटत नाही. त्या उगीचच एका बाजूला पाहत आहेत. ज्याचे ऐकत होत्या त्यालाच चित्रातून काढून टाकल्यावर दुसरे काय होणार? फोटोवाल्याने त्याचे काम नीट केले. त्याने मामींना स्टुडिओच्या पडद्यापुढे परत नेऊन बसवले, इतकेच. भिंतीवर ती प्रत आहे, हार तिलाच घालतात, आणि नव्या पिढीला मामी म्हणून ठाऊक आहेत त्या त्याच.

हा पडदा आता एकट्या फोटोवाल्यापुरता राहिलेला नाही. मोबाइलमधील कॅमेऱ्याची चकतीही लहानच असते, तेव्हा त्यातूनही मागली भिंत स्पष्टच यावयास हवी. पण त्यात ‘पोर्ट्रेट’ नावाची सोय आहे. ती गणित करून माणसाची कड शोधते आणि मागचे सारे धूसर करते. मोठ्या भिंगाचे जे सहज घडते त्याची ही नक्कल. लोकांना ती आवडते, कारण चित्र ‘प्रोफेशनल’ दिसते. उद्या एखादा मुलगा आजच्या तान्ह्या पोळ्याचे आपले चित्र पाहील तेव्हा त्याला फेटा दिसेल, बैल दिसेल, आणि मागे मऊ धुके दिसेल. त्याचे घर कोणत्या गल्लीत होते हे त्या धुक्यातून त्याला विचारता येणार नाही.

छोट्या कॅमेऱ्याच्या चित्रांचे तरी रक्षण होते आहे काय? १९६० सालचा कृष्णधवल फोटो पत्र्याच्या पेटीत पडून राहिला तरी टिकतो. २००७ सालची चित्रे सीडीवर आहेत, आणि सीडी वाचणारे यंत्र घरात नाही. काही जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेली. जी आहेत त्यांच्या कोपऱ्यातल्या नारिंगी तारखेवर विसंबू नये. आतले घड्याळ बंद पडले की यंत्र आपल्या कारखान्यातल्या पहिल्या तारखेवर जाते, आणि मग दिवाळी, वास्तुशांत व बारसे ही सारी एकाच एक जानेवारीला झालेली दिसतात. ज्यांच्याकडे अशी चित्रे आहेत त्यांनी निदान शंभर तरी कागदावर छापून घ्यावी आणि मागे पेन्सिलीने नावे लिहावी, असे मी सुचवीन. छापण्यासाठी निवडताना जिथे मागे काहीतरी आहे अशी निवडावी.

काही वर्षांपासून तरुण मुलामुलींत हे जुने कॅमेरे पुन्हा वापरण्याची हौस निघाली आहे. ही लाट आमच्या गल्लीपर्यंतही आली आहे. त्यांना आवडतो तो नेमका फ्लॅश, पांढरेफटक चेहरे आणि लाल डोळे, म्हणजे मी ज्याला दोष म्हटले तेच. जुन्या काळाची एक खूण म्हणून ते त्याकडे पाहतात. दोषाची जाणूनबुजून निवड केली की तो दोष राहत नाही, शैली होते, आणि शैलीचे मूल्यमापन वेगळ्या मापाने करावे लागते. शेजारची एक मुलगी आमचा कॅमेरा मारबतीची मिरवणूक टिपण्यासाठी मागून घेऊन गेली आहे. तिने चित्रे दाखवली, तर त्यांवर निराळे लिहिता येईल.