टाकीतून बाहेर काय येतं?

‘कचऱ्यातून सोनं’ हा शब्दप्रयोग आम्हीही बायोगॅसवर बोलताना पुष्कळदा केला आहे. आज त्याचीच जरा झाडाझडती घेऊ. उदाहरण आपल्या ओळखीचं, साखर कारखान्याशेजारची डिस्टिलरी.

मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की साधारण आठ ते पंधरा लिटर तपकिरी सांडपाणी उरतं. त्याला स्पेंट वॉश म्हणतात. त्याचा सीओडी, म्हणजे त्यातल्या घाणीचं रासायनिक ऑक्सिडीकरण करायला लागणाऱ्या प्राणवायूचं माप, लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या आसपास असतो. आता हिशेब करू. दहा लिटर स्पेंट वॉश धरला तर त्यात एक किलो सीओडी. एक किलो सीओडी पूर्ण पचला तर 350 लिटर मिथेन मिळतो. प्रत्यक्षात 65 टक्के पचला असं धरा, म्हणजे सव्वादोनशे लिटरच्या आसपास. चांगलंच आहे की! बॉयलरचं इंधन वाचतं.

पण टाकीत दहा लिटर गेले, तर बाहेरही जवळजवळ दहाच लिटर येतात. हे भाषणांत कुणी सांगत नाही. उरलेला 35 टक्के सीओडी म्हणजे लिटरला 35 हजार मिलिग्रॅम. गावाच्या गटारात तो पाचशेच्या घरात असतो, म्हणजे हे पाणी ‘प्रक्रिया’ होऊनही गटाराच्या सत्तरपट. रंग तसाच, कारण मेलॅनॉइडिन या जिवाणूंना फारसं पचत नाही. पोटॅशही तसंच. ते शेताला हवं असतं, पण बेताने. ओढ्यात सोडलं की खालच्या वाडीची विहीर गेलीच.

दुसरी गोष्ट पोटाची. टाकीत आधी आम्ल करणारे जिवाणू काम करतात, मग मिथेन करणारे. पहिले चपळ, दुसरे फार हळू वाढणारे. एकदम जास्त खाद्य टाकलं की आम्ल साचतं, सामू सातच्या बराच खाली घसरतो आणि वायू थांबतो. सरळ अपचनच म्हणा ना. पुन्हा घडी बसायला आठवडे जातात. आणि आपल्या अन्नउद्योगाचं खाद्य तर हंगामी! आंब्याच्या कोयी-साली उन्हाळ्यात, प्रेसमड गाळपाच्या चार-पाच महिन्यांत. तो उघड्यावर साठवला की कुजतो, वायू हवेत जातो.

2018 साली ‘सतत’ योजना आली. 2023-24 पर्यंत पाच हजार प्रकल्प, हे उद्दिष्ट होतं. त्याच्या जवळपासही आपण पोचलो नाही. आमच्या मते चूक मोजण्यातच होती. प्रकल्प मोजले, वर्षभराचं खाद्य आणि बाहेर पडणारं द्रव मोजलं नाही. (मोजणं कंटाळवाणं असतं, उद्घाटन नाही.)

म्हणूनच अनेक डिस्टिलऱ्यांनी वेगळी वाट धरली. स्पेंट वॉश आटवायचा आणि खास बॉयलरमध्ये जाळायचा. वायू देऊ शकणारा माल जाळणं आम्हाला खटकतं, आटवायला वाफही लागते. पण राखेत पोटॅश सापडतं आणि ओढ्याला जाणारं काळं पाणी उरत नाही. बायोगॅसवाल्यांनी याला उत्तर द्यायला हवं, आणि ते वायूच्या आकड्यांनी देता येणार नाही.

तुमच्यापैकी जे कारखान्याचे सभासद असतील, त्यांनी वार्षिक सभेत एवढंच विचारा: टाकीत रोज किती लिटर जातं, आणि बाहेर आलेलं कुठल्या गट नंबरात सोडता?