रोम जंतूंनी बुडवलं का?

शाळेत तुम्ही रोमच्या ऱ्हासाची कारणं पाठ केली असतील: दुबळे सम्राट, रानटी टोळ्या, चैनबाजी. ओक्लाहोमा विद्यापीठातले इतिहासकार काइल हार्पर यांनी २०१७ साली ‘द फेट ऑफ रोम’ या पुस्तकात हवामान आणि जंतू यांना थेट मध्यभागी आणलं.

पुस्तक हातात घेतलं की सुटत नाही. हार्पर म्हणतात, रोमची भरभराट झाली ती उबदार, स्थिर हवामानात. पुढे इ.स. १६५ च्या सुमारास अँटोनाइन साथ आली, तिसऱ्या शतकात सिप्रियनची साथ, ५३६ आणि ५४० च्या सुमारास ज्वालामुखींचे उद्रेक, त्यामागून थंडी आणि ५४१ मध्ये प्लेग. झाडांची वर्षवलयं, ध्रुवीय बर्फ, सांगाड्यांतला डीएनए असे साक्षीदार हार्पर उभे करतात. मी स्वतः पोस्टडॉक म्हणून आकडेवारीत बुडालेलो असतो. त्यामुळे या पुराव्यांचा मोह मला पुरेपूर कळतो.

माझा आक्षेप निकालावर आहे. बव्हेरियातल्या कबरींत प्लेगचा जंतू सापडला, हे पक्कं. पण त्यावरून साम्राज्यातली निम्मी माणसं मेली, असं सिद्ध होत नाही. हार्पर मात्र साधारण तिथवर जातात. २०१९ मध्ये ली मोर्डेकाई आणि सहकाऱ्यांनी पपायरस, नाणी, शिलालेख, परागकण तपासले; एवढ्या पडझडीची खूण त्यांना दिसली नाही. आणि तारखा पाहा. पश्चिमेतली बादशाही ४७६ मध्येच संपली होती. ज्या कॉन्स्टँटिनोपलला प्लेगने झोडपलं, ते त्यानंतरही नऊशे वर्षं पूर्वेच्या साम्राज्याची राजधानी म्हणून टिकलं.

याच जातीचा जंतू १८९६ मध्ये मुंबईत आणि मग पुण्यात आला. आपल्याला त्यातलं काय आठवतं? घरात शिरणारे गोरे सोजीर, रँड, चापेकर बंधू आणि रुग्णांची सेवा करताना गेलेल्या सावित्रीबाई. जंतू माणसं मारतो. पण त्यातून पुढे काय घडणार, हे सत्ता, गरिबी आणि मदतीला धावणारे हात ठरवतात. हार्पर राज्यव्यवस्थेला विसरत नाहीत, पण त्यांच्या कथेच्या ओघात ती मागे पडते.

तरीही पुस्तक जरूर वाचा. फक्त मिटताना एक प्रश्न विचारा: ‘निसर्गानेच केलं’ म्हटल्यावर कोण सुटतं? आजचं हवामान बदलत असताना हा प्रश्न फक्त रोमपुरता उरत नाही.