कारखान्यातील इंग्रजी आणि मराठी भाषकाचे व्याकरण : कोरपना परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

कोरपना तालुक्यातील गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा ही गावे आज सिमेंट कारखान्यांमुळे ओळखली जातात. या परिसरातील तरुण आयटीआयचे प्रमाणपत्र किंवा पदवी घेऊन कारखान्यात जातो, तेव्हा त्याची गाठ पडते ती कवितेच्या वा निबंधाच्या इंग्रजीशी नव्हे. शिफ्टची नोंदवही, दुरुस्तीपूर्वी घ्यावयाचा काम-परवाना, बिघाडाचा अहवाल, गेटपास यांची ती इंग्रजी असते. तिच्यासाठी महाविद्यालयीन अध्यापन त्याला कितपत सिद्ध करते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

परकी दफ्तरी भाषा या भूभागाला नवी नाही. पूर्वी राजुरा तालुक्यात मोडणारा हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. दफ्तर उर्दूचे, तर घरे मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामीची. १९५९ साली राजुरा चंद्रपूर जिल्ह्यास जोडले गेले. दफ्तर बदलले; दुसऱ्याकडून अर्ज लिहवून घेण्याची सवय मात्र एका दिवसात गेली नसणार.

मराठी माणसाच्या इंग्रजी अध्ययनाचा विचार ‘तर्खडकर भाषांतर पाठमाले’वाचून होऊ शकत नाही. नियम, शब्द आणि भाषांतरासाठी वाक्ये अशा क्रमाने तीन भागांत चालणाऱ्या या पाठमालेची आज थट्टा होते, परंतु तिचा एक गुण विसरला जातो : विद्यार्थ्याला मराठी येते, हे ती गृहीत धरते. ‘फाडफाड इंग्रजी’ शिकवू पाहणाऱ्या नंतरच्या मार्गदर्शिकांनी हा आधारच काढून घेतला. पाठमालेची मर्यादा वेगळी आहे. तिच्यातील वाक्य एकटे असते. ते कोण, कोणाला व कशासाठी सांगतो आहे, याचा पत्ता नसतो.

नोंदवहीत हाच पत्ता महत्त्वाचा असतो. मराठीत ‘बेल्ट बंद केला’, ‘बेल्ट बंद झाला’ आणि ‘बेल्ट बंद पडला’ ही तीन भिन्न विधाने आहेत. पहिल्यात कोणाची तरी कृती आहे, दुसऱ्यात केवळ परिणाम, तिसऱ्यात बिघाड. हा भेद निरक्षर मजूरही चुकत नाही. तोच कामगार इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘बेल्ट स्टॉप्ड’ एवढेच लिहितो. व्याकरणाच्या परीक्षकाला फार तर एक उपपद राहिलेले दिसेल. परंतु दुरुस्तीसाठी हेतुतः थांबवलेला बेल्ट आपोआप थांबला असे समजून पुढच्या शिफ्टच्या माणसाने तो सुरू केला, तर आत हात घातलेल्या फिटरचे काय होईल? कुलूप व टॅग लावण्याची पद्धत याच भीतीपोटी आहे. पण टॅगवरही शब्दच लिहावे लागतात. ‘वॉज स्टॉप्ड फॉर रिपेअर’ आणि ‘ट्रिप्ड’ हा फरक म्हणूनच कर्मणी प्रयोगाच्या धड्यात शिकवण्याजोगा आहे. त्या धड्यात मात्र अद्याप राम आंबा खातो आणि रामाकडून आंबा खाल्ला जातो.

‘पाहिजे’ची गोष्टही अशीच. ‘मला पाना पाहिजे’, ‘हेल्मेट घातले पाहिजे’, ‘एवढ्यात गाडी यायला पाहिजे’ : इच्छा, सक्ती आणि अंदाज एका शब्दात सामावतात. सुरक्षा-सूचनेतील ‘मस्ट’ आणि ‘शुड’ हे दोन्ही मग वाचणाऱ्याच्या मनात ‘पाहिजे’ होऊन बसतात, आणि सक्ती सल्ल्यात विरघळते. याउलट ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ या वाक्यावर वर्गात केवढा वेळ खर्च होतो! ते अशुद्ध आहे खरे, पण त्याने कोणाचा गैरसमज होत नाही.

मातृभाषेनुसार चुकांची जात बदलते, हे अन्यत्रही दिसते. चिनी भाषेत क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही आणि बोलताना ‘तो’, ‘ती’, ‘ते’ यांचा उच्चार एकच. त्यामुळे कार्यालयात इंग्रजी बोलणारा चिनी भाषक ‘ही’ आणि ‘शी’ यांत गोंधळतो. मराठी भाषकाला काळ आणि लिंग ही पूर्वतयारी घरूनच मिळते. त्याची अडचण उपपदे आणि शब्दयोगींची इंग्रजी रूपे येथे आहे. परंतु कोरपन्याच्या वर्गात सर्वच मराठी भाषक नसतात. गोंडी व कोलामी या द्राविडी भाषा असून त्यांत एकवचनी पुरुषासाठी एक सर्वनाम, तर स्त्री आणि वस्तू या दोहोंसाठी दुसरे, अशी विभागणी आहे. गोंडी घरातील मुलगा बाईसाठी ‘इट’ लिहितो, तेव्हा तो अज्ञानाने नव्हे, तर आपल्या व्याकरणाच्या शिस्तीनेच चुकत असण्याचा संभव आहे. मराठीत समजावून दिलेला नियम त्याच्यासाठी दुसऱ्या परक्या भाषेतून आलेला असतो. ‘मराठी माध्यमाचा विद्यार्थी’ असा एकच शिक्का मारणाऱ्या अध्यापनाला ही चूक दिसते, तिचे कारण दिसत नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली. पदवीला पोहोचेपर्यंत हा विषय डझनावारी वर्षे शिकून झालेला असतो, आणि तरीही मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज हाच व्यवहारोपयोगी लेखनाचा नमुना म्हणून पुढे येतो. त्या अर्जात तापाचे कारण तयार असते, शेवटची विनंती तयार असते. विद्यार्थ्याने फक्त नाव घालायचे. नोंदवहीच्या कोऱ्या रकान्यात असे काहीच तयार नसते. रात्रपाळी संपताना, दुसरा माणूस समोर उभा असताना, काय बंद आहे, कोणी केले आणि कोणाच्या सांगण्यावाचून सुरू करायचे नाही, हे त्याला तीन ओळींत लिहायचे असते.