अंग आंबते, पण आम्लामुळे नव्हे

सुटीनंतर मैदानावर पन्नास बैठका काढल्या की दुसऱ्या दिवशी मुलांना बाकावर टेकणेही जड जाते. ‘अंग आंबलंय’ असे आम्ही सोलापूरचे लोक म्हणतो. बहुधा या शब्दानेच लॅक्टिक आम्लाच्या उपपत्तीला मराठीत आयता आधार मिळाला असावा! स्नायूंत आम्ल साचते म्हणून ते दुखतात, असे वर्गात आणि तालमीत सारख्याच ठामपणे सांगितले जाते. ते खरे नाही.

व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातील लॅक्टेट पूर्वपदावर येते. दुखणे मात्र एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचते. श्वेन व सहकाऱ्यांनी १९८३ साली त्याच माणसांना सपाटीवर आणि उतारावर धावायला लावले. लॅक्टेट वाढले सपाटीवर, पाय दुखले उतारावर. उतरताना किंवा बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच जोर लावतो. त्यात तंतूंची सूक्ष्म मोडतोड होते व मागोमाग दाह होतो. तंतू तुटत असावेत, हा तर्क थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच मांडला होता.

मग दुखण्यावरून इजा मोजावी काय? शून्य ते दहा अशी पट्टी देऊन ‘किती दुखते?’ असे विचारणे सोपे असते, पण ती पट्टी वेदना मोजते, इजा नव्हे. नोसाका व सहकाऱ्यांना २००२ साली या दोहोंचा मेळ फारच क्षीण आढळला. रक्तातील क्रिएटिन कायनेज हे विकरही बेभरवशाचे. सारख्याच व्यायामानंतर ते एकात थोडे तर दुसऱ्यात कितीतरी पट वाढते. त्यातल्या त्यात विश्वासार्ह माप म्हणजे घटलेली ताकद. शाळेत ते खडूने घेता येईल: उभ्याने उडी मारून भिंतीवर खूण करायची, बैठकांआधी आणि नंतर चार दिवस. अर्थात दुखतंय म्हणून मूल हातचे राखून उडी मारील, हा दोष उरतोच.

दोन-तीन आठवड्यांनी तेवढ्याच बैठका काढल्या तर दुखणे बरेच कमी होते. तेव्हा ‘दुखलं नाही म्हणजे अंगचोरी केली’ हा उस्तादांचा निवाडा मुलांवर अन्याय करतो. उलट ‘दुखणारच’ म्हणून दुर्लक्ष करणे अधिक घातक. शिक्षा म्हणून शेकडो उठाबशा काढायला लावल्यावर स्नायूंतील मायोग्लोबिन रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. लघवी कोऱ्या चहासारखी गडद दिसली, तर पट्टीवरचा आकडा दोन असो वा नऊ, मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.