हरवलेली पिकं, पण कुणाची?

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं १९९६ साली ‘लॉस्ट क्रॉप्स ऑफ आफ्रिका’चा पहिला, धान्यांचा खंड काढला. टेफ, फोनिओ, आफ्रिकी भात आणि आपली नाचणीसुद्धा त्यात ‘हरवलेली’! ग्रंथ मोलाचा आहे. शास्त्रज्ञांनी या पिकांकडे पाठ फिरवली, हे तो दाखवून देतो. पण शीर्षक आपल्याला खटकलं पाहिजे. हरवली ती कुणाला?

नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. आपल्या या कुंभिवलीच्या मुलखात, वरकस जमिनीवर, ठाकूर-कातकरी माणसं ती पिकवत आली. त्यांना ती कधी हरवली नव्हती. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तांदूळ तिच्या जवळपासही नाही. तरी आपण तिला ‘भरड’ म्हणून हिणवलं आणि रेशनवर तांदूळ-गहू दिला. २०२३च्या भरडधान्य वर्षात तीच ‘श्रीअन्न’ झाली!

पिकवणारीचं ज्ञान प्रयोगशाळेत नोंदलं जाईपर्यंत आपण ते ज्ञानच मानत नाही. यात आम्ही प्राध्यापकही आलो. तेव्हा प्रश्न असा विचारू या: ज्या उतारावर नाचणी होते, तो सातबारा कुणाच्या नावावर आहे? ते न विचारता केलेला गौरव म्हणजे नुसती आरती.