४,२९,४९,६७,२९७ : उत्तर आहे, रीत कुठे आहे?

संख्यांच्या गमतीजमती सांगणाऱ्या लेखांत ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या हमखास भेटते. गोष्ट अशी : २ चे १, २, ४, ८ व १६ वे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला, की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात. या सर्व मूळ संख्या आहेत. घातांक असाच दुप्पट करत गेल्यास दर वेळी मूळ संख्याच मिळेल, असे फर्माला वाटले. पण पुढच्याच संख्येला, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १ हिला, ६४१ ने भाग जातो हे ऑयलरने १७३२ मध्ये दाखवले. फर्मा चुकला, ऑयलर अलौकिक, गोष्ट संपली.

माझा आक्षेप या 'संपली'ला आहे. एक तर हा फर्मावर अन्याय आहे. आपल्याकडे याची सिद्धता नाही, हे त्याने १६४० च्या पत्रात स्वतःच लिहिले होते. दुसरे, ६४१ कुठून आले हा विद्यार्थ्याचा रास्त प्रश्न अनुत्तरितच राहतो. मग गणित हे जन्मजात बुद्धिमंतांचे काम, अशी त्याची समजूत होते.

खरे तर रीत सांगण्यासारखी आहे. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या. क्रमाने भागत गेलो तर आधी ११५ वेळा निराशा पदरी येईल. पण या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठाच असला पाहिजे, हे ऑयलरने पुढे सिद्ध केले. मग १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्याच प्रयत्नात यश! १८७८ मध्ये ल्युकाने ६४ च्या जागी १२८ चालतात हे दाखवले. मग उरतात फक्त २५७ आणि ६४१.

भाग जातो याचा पडताळाही फळ्यावर चार ओळींत होतो. २ च्या २८ व्या घाताला 'म' म्हणू. ६४० = ५ × १२८, म्हणून ६४० चा चौथा घात = ६२५म. (अ + १) ने (अ चा चौथा घात – १) ला भाग जातो. म्हणून ६४१ ने (६२५म – १) ला भाग जातो. शिवाय ६४१ = ६२५ + १६, म्हणून (६२५म + १६म) लाही जातो. वजाबाकी करा : १६म + १ उरते. हीच आपली संख्या! दुसरा अवयव ६७,००,४१७.

१,२३,४५,६७९ ला ९ ने गुणले की नऊ एकक येतात, या गमतीच्या पंगतीत हिला बसवणेही चूक आहे. ती गमत दशमान लेखनाची आहे. संख्या कशाही लिहा, ६४१ ने भाग जाणारच.

'६५,५३७ च्या पुढच्या सर्व संयुक्त आहेत', असेही काही ठिकाणी वाचायला मिळते. आपल्या संख्येपासून सलग २८ संख्या संयुक्त आहेत, एवढे आज ठाऊक आहे. पुढे एकही मूळ संख्या नाही, हे कोणी सिद्ध केलेले नाही. पाच उदाहरणांवरून फर्माने अंदाज केला आणि तो अंदाज आहे हे सांगितले. आपण अठ्ठावीस उदाहरणांवरून निकाल देतो. मग चूक कोणाची मोठी? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.