डायनोच्या ग्राफचा रिव्ह्यू

मॉडिफाइड गाड्यांच्या जगात पुरावा म्हणजे डायनोचा ग्राफ. खालची रेषा 'आधी', वरची 'नंतर'. सोबत यादी: मोठे इंजेक्टर, ॲडजस्टेबल फ्युएल प्रेशर रेग्युलेटर, नवा मॅप आणि जाता जाता उल्लेख केलेला वाढीव बूस्ट. निष्कर्ष मात्र एकच, 'इंजेक्टर बदलले आणि पॉवर वाढली!' हा ग्राफ पेपर म्हणून माझ्याकडे रिव्ह्यूला आला असता, तर मी काय लिहिलं असतं?

निसान सिल्व्हिया एस१३ मधलं एसआर२०डीईटी इंजिन घेऊ. चार सिलिंडर, टर्बो, २०५ पीएस. मूळ इंजेक्टर ३ बार दाबाला मिनिटाला ३७० सीसी पेट्रोल देतात. चौघांचे १४८० सीसी. पण इंजेक्टर ८५ टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवू नये असा संकेत आहे, म्हणून हाती उरतात साधारण १२६०. दर किलोवॉट-तासाला ३३५ ग्रॅम पेट्रोल धरलं, तर एवढ्यात सव्वादोनशे पीएसपर्यंत मजल जाते. ५५० सीसीचे इंजेक्टर बसवले की हीच मर्यादा सुमारे ३३५ वर जाते.

मर्यादा जाते, पॉवर नाही. हवा तेवढीच असेल तर जादा पेट्रोल जळणार कशात? हवा वाढवली बूस्टने, आणि श्रेय घेतलं इंजेक्टरने.

रेग्युलेटरबद्दलचा गैरसमज तर आणखी पक्का आहे. इंजेक्टरमधला प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३ बारचे ४ केले की दाब ३३ टक्के वाढतो, पेट्रोल जेमतेम साडेपंधरा टक्के. दुप्पट पेट्रोल हवं तर १२ बार लागतील! शिवाय इथे दाब म्हणजे रेल आणि मॅनिफोल्ड यांच्यातला फरक. १ बार बूस्ट असताना ३ बारचा फरक राखायला रेलमध्ये ४ बार हवेत. रेग्युलेटरला मॅनिफोल्डची नळी जोडतात ती त्यासाठीच. आणि रेग्युलेटर दाब निर्माण करत नाही हो. पंपाने दिलेलं जादा पेट्रोल टाकीत परत सोडून तो दाब राखतो, बस्स. पंपच कमी पडत असेल तर स्क्रू आवळून काय होणार? दाब जितका जास्त, तितका पंपाचा प्रवाह कमी. मग नेमकं वरच्या आरपीएमला, पूर्ण बूस्टवर मिश्रण पातळ होतं, नॉकिंग सुरू होतं, पिस्टन वितळायची वेळ येते. ग्राफवर रेल प्रेशर आणि लॅम्डाच्या रेषा नाहीत, हा माझा सर्वांत मोठा आक्षेप.

दुसरा आक्षेप आयडलवरचा. डायनो तिथे बघतच नाही. समजा आयडलला पल्स २.५ मिलिसेकंदांची आहे आणि त्यातले ०.८ इंजेक्टर उघडण्यातच जातात. खरं पेट्रोल पडतं ते उरलेल्या १.७ मध्ये. आता कुणी सरळ ३७०/५५० ने पूर्ण पल्सच छोटी केली, तर ती १.६८ होते, कामाची उरते ०.८८. हवी होती १.१४. म्हणजे जवळपास २३ टक्के पेट्रोल कमी, आणि सिग्नलला गाडी बंद. दोष मात्र इंजेक्टरच्या ब्रँडला!

हसू नका. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी स्प्रे रिगवर नोझल आणि रेग्युलेटर एकाच दुपारी बदलले होते. थेंबांचा आकार छान घटला. गाईडने विचारलं, "कशामुळे?" उत्तर शोधायला सगळं उलगडून पुन्हा एकेक करून जोडलं, तीन आठवडे गेले.

म्हणून लेखकाकडे मी एकच जादा रन मागेन: नवे इंजेक्टर, त्यांच्यापुरता दुरुस्त केलेला मॅप, बूस्ट जुनाच. मूळ इंजेक्टर कमी पडत नसतील तर दोन्ही रेषा जवळपास एकमेकींवर येतील. तो ग्राफ सहसा कुणी दाखवत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काहीच नसतं.